प्रेमकथेचा सांचा आणि ‘ययाति’

संकटांत सांपडलेली सुंदरी, अवचित धांवून येणारा वीर आणि शेवटच्या पानावर मंगलाष्टकें, हा प्रेमकथेचा ठराविक सांचा तरुण वाचकांच्या पूर्ण परिचयाचा आहे. कोल्हापुरांत दीर्घकाळ राहिलेले वि. स. खांडेकर यांनीं ‘ययाति’ (१९५९) ह्या कादंबरींत महाभारतांतील कथेच्या आधारें तो उलटा करून दाखविला.

विहिरींत पडलेल्या देवयानीस राजा ययाति हात देऊन वर काढतो आणि पुढें ती त्याची राणी होते. इतर कथा येथेंच संपतात. येथें मात्र खरें दुःख विवाहानंतर आरंभतें. देवयानीस राणीपदाचा अभिमान, ययातीस भोगाची तृष्णा. निरपेक्ष प्रीति आढळते ती दासी झालेल्या शर्मिष्ठेच्या ठायीं. तिघेंही आपापली बाजू स्वमुखें सांगतात, म्हणून वाचकास कोणा एकाचाच कैवार घेतां येत नाहीं. अखेरीस शापानें वृद्ध झालेला ययाति स्वतःच्या पुत्राचें तारुण्य मागतो!

ह्याच कादंबरीसाठीं १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार प्रथमच मराठीस लाभला. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांच्या हातून प्रेमकथा हिसकावून घेण्यापेक्षां पालकांनीं ही त्यांच्यासमवेत वाचावी. प्रेम कोणतें व हव्यास कोणता, हें ओळखण्याचें वय तेंच होय.