जीव कोण घेतं, व्होल्टेज की करंट?

रोहित्राच्या कुंपणावर कवटीखाली ११,००० व्होल्ट असं लिहिलेलं असतं, म्हणून जीव व्होल्टेज घेतं असं अनेकांना वाटतं. उलट, मारतो तो करंटच, असं छातीठोकपणे सांगणारेही भेटतात. दोन्ही म्हणणी अर्धीच खरी आहेत. व्होल्टेज म्हणजे विजेचा दाब आणि करंट म्हणजे त्या दाबामुळे प्रत्यक्ष वाहणारी वीज. गच्चीवरच्या टाकीमुळे नळात दाब कायम असतो, पण तोटी बंद असेल तर थेंबही वाहत नाही. तसंच रिकाम्या सॉकेटमध्ये २३० व्होल्ट असतात, करंट मात्र शून्य. तो किती वाहणार हे मधला रोध ठरवतो. म्हणूनच त्याच २३० व्होल्टवर ६० वॅटचा बल्ब पाव अँपिअर घेतो, तर २,००० वॅटचा गीझर जवळजवळ नऊ.

माणसाचं शरीरही असाच एक रोध आहे. ओल्या अंगाचा रोध हजार ओमच्या आसपास उतरू शकतो. मग २३० व्होल्टला शरीरातून २३० मिलीअँपिअर करंट जातो, आणि हृदयाची लय बिघडायला याहून बराच कमी पुरतो. कुणी म्हणेल, गाडीची बॅटरी स्टार्टरला शंभराहून जास्त अँपिअर देते, तरी तिला हात लावून शॉक का बसत नाही? कारण १२ व्होल्टचा दाब कोरड्या त्वचेतून नगण्य करंट ढकलतो. स्वेटर काढताना हजारो व्होल्टची ठिणगी उडते, पण साठलेली वीज इतकी थोडी असते की ती क्षणार्धात संपते. थोडक्यात, जीव करंटच घेतो, पण तो शरीरात ढकलतं व्होल्टेज आणि तेवढा वेळ टिकवतो विजेचा स्रोत.

हे समजलं की घरातल्या बोर्डाकडे वेगळ्या नजरेने पाहता येतं. १६ अँपिअरचा एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. माणसातून जाणारा पाव अँपिअर त्याच्या खिजगणतीतही नसतो. आरसीसीबी मात्र फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट ताडून पाहतो आणि ३० मिलीअँपिअरचा फरक पडताच पुरवठा तोडतो. अर्थिंग असताना हा खर्च कशाला, असं विचारलं जातं. अर्थिंग उपकरणाची धातूची बॉडी सुरक्षित ठेवतं. उघड्या वायरला लागलेला हात ते वाचवू शकत नाही. फेज आणि न्यूट्रल एकाच वेळी धरले तर आरसीसीबीही फसू शकतो, म्हणून त्याच्या भरवशावर बेफिकीर राहू नये. पण घराच्या वायरिंगवर लाखभर खर्च करून हे एक उपकरण टाळणं म्हणजे वायरीला जपून माणसाला वाऱ्यावर सोडणं होय.