कॅसिनोची जहाजं मांडवीतच का उभी आहेत?

पणजीत संध्याकाळी मांडवीकाठी गेलात, तर पाण्यावर दिव्यांनी झगमगणारी कॅसिनोची जहाजं दिसतील. पाण्यातली मजा म्हणून मालकांनी ही जागा निवडली असेल, असं अनेकांना वाटतं. खरं कारण कायद्यात आहे.

राज्यघटनेनुसार जुगार हा राज्यांचा विषय. त्यामुळे १९७६ या एकाच वर्षी शेजारी-शेजारी दोन वेगळे कायदे झाले. गोव्यात सार्वजनिक जुगाराला बंदी घालणारा, आणि महाराष्ट्रात चक्क कॅसिनोंना परवाने देऊन त्यांच्याकडून कर घेणारा!

पुढे घडलं नेमकं उलटं. महाराष्ट्रातला कायदा लागू करणारी अधिसूचना कधी निघालीच नाही. ४७ वर्षं तो कागदावरच राहिला आणि २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करायचं ठरवलं. गोव्याने मात्र आपल्या बंदीला अपवाद जोडले. १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनला परवानगी मिळाली, तर १९९६ मध्ये ‘ऑफशोअर’ जहाजांवर टेबलावरच्या खेळांना.

म्हणजे हॉटेलात फक्त यंत्रं. पत्त्यांचा डाव किंवा रूलेटचं चाक हवं असेल, तर पाण्यावर जा. धंदाही मग पाण्यावरच गेला. ‘ऑफशोअर’ म्हटलं की खोल समुद्र डोळ्यांसमोर येतो, पण ही जहाजं उभी आहेत शहराला लागून, नदीत. पणजीकरांची तक्रार नेमकी हीच आहे. ती हलवण्याची आश्वासनं वेळोवेळी मिळाली, मुदतवाढीही मिळत गेल्या. त्यात फेब्रुवारी २०२० पासून गोवेकरांना कॅसिनोत जाऊन खेळायला मनाई आहे. नदी त्यांची, डाव पाहुण्यांचा.

सरकारलाही हा धंदा सहज सोडवत नाही, कारण परवाना शुल्क आणि कर. १ ऑक्टोबर २०२३ पासून चिप्ससाठी दिलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला, मग तुम्ही जिंका किंवा हरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के आहे. जिंकलेल्या पैशांतून पुन्हा डाव लावला, तर त्यावर मात्र वेगळा जीएसटी नाही.

आणि तोच पत्त्यांचा डाव पैसे लावून मोबाइलवर खेळवला तर? ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्यात तो गुन्हा आहे. मांडवीतल्या जहाजावर त्यासाठी परवाना मिळतो.