‘अप’ : फुग्यांच्या कथेतील प्रौढांचे दुःख

पिक्सारचा ‘अप’ हा अ‍ॅनिमेशनपट २००९ मध्ये कान महोत्सवाच्या उद्घाटनाला दाखविण्यात आला. हा मान मिळविणारा तो पहिलाच अ‍ॅनिमेशनपट होय.

फुग्यांनी उचललेले घर, बोलणारे कुत्रे, रंगीबेरंगी पक्षी ही झाली मुलांची बाजू. दिग्दर्शक पीट डॉक्टर यांनी मात्र आरंभीच्या अवघ्या चार-एक मिनिटांत कार्ल व एली यांचा संपूर्ण संसार संवादाविना मांडला आहे. बाळासाठी रंगविलेली खोली दिसते आणि लगेच दवाखान्यात मान खाली घालून बसलेली एली. कारण उच्चारले जात नाही. मुलांच्या नजरेतून ते निसटते, पालकांच्या नाही. प्रवासासाठी साठविलेल्या पैशांची बरणी कधी गाडीच्या टायरसाठी, कधी मोडलेल्या पायासाठी, तर कधी छपरासाठी फोडावी लागते. मायकेल जियाकिनो यांची तीच धून सुखात वेगाने, वार्धक्यात संथपणे वाजते. या संगीताला ऑस्कर मिळाले.

एलीच्या मृत्यूनंतर कार्ल घरासह दक्षिण अमेरिकेतील धबधब्याकडे निघतो. तेथे हे घर त्याला अंगाला बांधून ओढत न्यावे लागते. शोकाचे इतके नेमके चित्र गंभीर चित्रपटांतही क्वचितच आढळते. एलीच्या वहीतील पुढची पाने कोरीच राहिली, असे तो समजत असतो. ती तिने दोघांच्या छायाचित्रांनी भरलेली असतात. त्यानंतरच, छोट्या रसेलच्या मदतीला जाण्यासाठी, कार्ल जिवापाड जपलेले सामान बाहेर टाकतो आणि हलके झालेले घर पुन्हा उडते.