बंदीच्या दिवसांत घुमट आरती रेकॉर्ड करायची तर कॉम्प्युटर कुठला घ्यावा?



1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. माणसं घरी असतात, आणि पुढे चवथ येते म्हणून आरत्यांची तालीमही ह्याच दिवसांत होते. घुमटाला 2019 साली गोव्याचं वारसा वाद्य म्हणून मान मिळाला. पण आपल्या वाड्यावरच्या जाणत्यांचा हात आणि गळा आपणच जपायला हवा. पोरं म्हणतात, "घरीच रेकॉर्ड करूया, कॉम्प्युटर घ्या." आणि बंदीत तर आवक नसते.

आम्ही सांगू, आधी मासळी ठरवा, मग जाळं घ्या. बांगड्याचं जाळं वेगळं, इसवणाचं वेगळं.

घुमट, शामेळ, कासाळे आणि दोन-तीन गळे एवढंच असेल तर 8 जीबी रॅम आणि एसएसडीचा लॅपटॉप पुरे. एसएसडीचा आवाज होत नाही. लाइट गेली तरी लॅपटॉप बॅटरीवर चालतो. चार माइकांचं तासभराचं रेकॉर्डिंग साधारण 2 जीबी जागा घेतं. कॉम्प्युटरमधूनच तबला-पेटीचे सूर काढायचे असतील तर 16 जीबी घ्या.

आता सिस्टीम. मॅकमध्ये गॅरेजबँड फुकट मिळतं, पण मशीन महाग आणि मॅकबुकची रॅम मागाहून वाढवता येत नाही. विंडोजवर इंटरफेस घेताना त्याच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर आहे ना, ते विचारा. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. घरातला जुना लॅपटॉप विंडोज 11 घेत नसेल तर भंगारात घालू नका. त्यावर उबुंटू स्टुडिओ घाला. ते फुकट आहे, रेकॉर्डिंगचा आर्डर प्रोग्राम त्यातच येतो. फक्त इंटरफेस लिनक्सवर चालतो का, ते आधी बघा.

हेडफोनमध्ये आवाज उशिरा आला की ताल सुटतो. म्हणून रेकॉर्ड करताना बफर 128 ठेवा, मिक्सिंगला 1024 करा.

वाचलेले पैसे माइक आणि इंटरफेसला लावा. माइक बरा नसेल तर महागडा कॉम्प्युटर काय करणार? कंडेन्सर माइक घेतला तर इंटरफेसवर 48 व्होल्टचं बटण लागतं. आपल्याकडची पावसाळी हवा दमट, म्हणून माइक बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा.

रेकॉर्डिंगची एक कॉपी दुसऱ्या डिस्कवर ठेवाच. आणि पैसे जमेपर्यंत थांबू नका, आज मोबाईलवर तरी घ्या. लॅपटॉप पुढच्या वर्षीही मिळेल. आजोबांचा गळा मिळेलच असं नाही.