कोपऱ्यावरच्या दुकानातली मिटलेली भांडणं

संध्याकाळी सातच्या सुमारास कोणत्याही कोपऱ्यावरच्या किराणा दुकानासमोर थोडा वेळ उभे राहा. एकाला पाव किलो साखर हवी असते, दुसरीला शांपूच्या दोन पुड्या, तिसऱ्याला दुधाची पिशवी, आणि फळीला लोंबकळलेल्या एखाद्या पोराला पाच रुपयांचा बिस्किटांचा पुडा. चौघं एकदम बोलतात, दुकानदार चौघांचंही ऐकतो आणि बघता बघता सगळे आपापल्या वाटेला लागतात. वजन, भाव, सुट्टे आणि उधारी हे माणसांना भांडायला लावणारे हमखास विषय. पण इथे ते दिवसभर हाताळले जातात आणि सहसा कुणाचा आवाज चढत नाही. कारण यातली बहुतेक भांडणं आधीच मिटवून ठेवलेली आहेत. कधी कायद्यानं, कधी गणितानं, तर कधी जपानातल्या एका इंजिनिअरनं.

सुरुवात तागडीपासून करू. 1956 च्या कायद्यानं देशात दशमान वजनं आली आणि पुढच्या काही वर्षांत शेर, छटाक हळूहळू दुकानातून हद्दपार झाले. जुन्या दुकानात अजून लोखंडी वजनं असतील तर एखादं उलटं करून पाहा. त्यात एक भोक शिशानं बुजवलेलं दिसेल. ओतीव लोखंड ग्रॅमच्या हिशेबानं तंतोतंत उतरत नाही, म्हणून राहिलेली कसर शिसं भरून काढतात. शिसं मऊ असल्यानं त्यावर वैधमापन निरीक्षकाचा ठसाही छान उमटतो. वजन हलकं करण्यासाठी कुणी ते शिसं कोरलंच, तर ठसा मोडतो आणि चोरी स्वतःच बोलते.

या वजनांचं गणितही मजेदार आहे. 50, 100, 200, 500 ग्रॅम आणि एक किलो, अशी पाचच वजनं घ्या. नुसती बेरीज करून किलोपर्यंतचे पन्नास-पन्नास ग्रॅमचे जवळजवळ सगळे टप्पे तोलता येतात. अडतात फक्त चार: 400, 450, 900 आणि 950. पण तागडीला दोन पारडी असतात. साखरेच्या पारड्यात 100 ग्रॅमचं वजन टाका, समोर 500 ठेवा. काटा स्थिर झाला की साखर नेमकी 400 भरते. उरलेले तीन टप्पेही असेच वजाबाकीनं सुटतात. वीस टप्पे, पाच वजनं, आणि एकही टप्पा सुटत नाही!

आता बहुतेक ठिकाणी इलेक्ट्रॉनिक काटा आलाय. त्याच्या पोटात धातूची एक पट्टी असते. साखर ठेवली की ती डोळ्यांना कळणार नाही इतकी वाकते, तिच्यावर चिकटवलेल्या बारीक तारेचा विद्युतरोध किंचित बदलतो आणि त्या बदलाचे ग्रॅम होऊन आकडे झळकतात. या काट्याची दरवर्षी सरकारी तपासणी करून घ्यावी लागते.

दुसरं भांडण भावाचं. एके काळी वेष्टनावर किंमत छापलेली असायची, पण पुढे ‘स्थानिक कर वेगळे’ अशी शेपटी असे. ते कर किती, हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसे. दुकानदार सांगेल तो आकडा खरा. 1990 मध्ये नियम बदलला आणि सगळ्या करांसह कमाल किरकोळ किंमत, म्हणजे आपली एमआरपी, छापणं बंधनकारक झालं. आकडा ‘कमाल’ आहे, म्हणजे दुकानदारानं खुशाल कमी घ्यावेत, जास्त मात्र घेता येत नाहीत. ‘थंड बाटलीचे दोन रुपये जास्त’ हे वाक्य आपण अनेकदा ऐकतो आणि निमूट पैसे देतो. छापील किमतीवर फ्रिजचं भाडं चढवण्याची मुभा दुकानदाराला नाही.

एमआरपीनं भाव बांधला खरा, पण कंपन्यांपुढे वेगळाच पेच उभा राहिला. पाच आणि दहा रुपयांच्या नाण्या-नोटांना सरावलेल्या गिऱ्हाइकाला सहा रुपयांचा पुडा नको असतो. मग मैदा-साखर महागली की किंमत जागच्या जागी राहते आणि पुड्यातली बिस्किटं कमी होतात. आपल्याला भाववाढ झाल्याचं कळतच नाही, कारण आपण किंमत बघतो, ग्रॅम बघत नाही. अलीकडच्या नियमांनुसार अनेक वेष्टनांवर दर ग्रॅमचा किंवा दर मिलिलिटरचा भावही छापलेला असतो. अक्षरं बारीक असतात, पण खरी किंमत तिथेच कळते.

शांपूची पुडी तर उलटाच चमत्कार. तमिळनाडूतल्या कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांनी शांपू इवल्याशा पुडीत भरून विकण्याची वाट दाखवली. रोजच्या मजुरीवर घर चालवणाऱ्या बाईला आख्खी बाटली परवडत नव्हती, एका न्हाण्यापुरता शांपू परवडत होता. घाऊक घेतलं की स्वस्त पडतं, हा बाजाराचा नियम. पण शांपूच्या बाबतीत अनेकदा पुडीच बाटलीपेक्षा स्वस्त पडते. फक्त ती चकचकीत पुडी अनेक थरांची असते, भंगारवाला घेत नाही आणि शेवटी गटारात जाते. हे भांडण अजून मिटलेलं नाही.

तिसरं भांडण सुट्ट्यांचं. ‘सुट्टे नाहीत, गोळी घ्या,’ हे ऐकत आपल्या कैक पिढ्या वाढल्या. त्यावरचा इलाज काउंटरवर चिकटवलेल्या काळ्या-पांढऱ्या चौकोनात सापडला. क्यूआर कोड 1994 मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केला, तोही मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवायला. त्याच्या तीन कोपऱ्यांतले चौकोन नीट पाहा. कुठूनही मधोमध रेघ ओढली तर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या 1:1:3:1:1 याच प्रमाणात येतात. छापील मजकुरात क्वचितच आढळणारं प्रमाण म्हणून ते मुद्दाम निवडलं गेलं. त्यामुळे फोन तिरका धरला तरी कॅमेरा कोड चटकन ओळखतो. शिवाय त्यात माहिती अशी पेरलेली असते, की सर्वांत भक्कम प्रकारात जवळपास 30 टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचता येतो. तेलकट बोटांनी माखलेला स्टिकर चालतो तो म्हणून.

2016 मध्ये फोनवरून पैसे देण्याची यूपीआय ही सोय सुरू झाली, आणि पाठोपाठ नवं भांडणही आलं: पैसे गेले की नाही? गर्दीत गिऱ्हाईक नुसता फोन दाखवून निघून जाई. त्यावरचा संदेश खोटाही असू शके. म्हणून ‘पाच रुपये प्राप्त झाले’ असं बोलणारा डबा आला. त्यात स्वतःचं सिमकार्ड असतं. गिऱ्हाइकाच्या फोनशी त्याचा संबंधच नसतो, निरोप थेट पैशांची सेवा देणाऱ्या कंपनीकडून येतो. त्यामुळे दुकानदाराला मान वर करायचीही गरज पडत नाही, हात साखर तोलत राहतात.

उरली उधारी. तिच्यावर ना कुठला ठसा, ना कोड. ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी लावून दुकानदार तिच्याखालीच वही उघडतो आणि पहिल्या तारखेपर्यंत थांबतो. कुणाला किती द्यायचं, हे त्याला अनुभवानं कळतं. गिऱ्हाइकाचं नाव त्याला फक्त ‘शंभर नंबरवाल्या काकू’ इतकंच ठाऊक असतं, आणि तेवढं पुरतं.

बाकी सगळ्या भांडणांसाठी मात्र आपण डोळे उघडे ठेवावेत. पुढच्या खेपेला काट्यावरचा ठसा पाहा, वेष्टनावर दर ग्रॅमचा भाव शोधा, छापील किमतीपेक्षा रुपयाही जास्त देऊ नका. आणि कुणी मागितलाच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर लक्षात ठेवा: 1915.