दहा बाय दहाच्या खोलीतली बेस गिटार

बेस गिटारची सगळ्यात जाड तार सोडा, तिच्या शेजारची छेडा. तिचं नाव ए. ही तार सेकंदाला 55 वेळा थरथरते आणि तिचा आवाज हवेतून सेकंदाला साधारण 343 मीटर धावतो. आता करा भागाकार! एका थरथरीत आवाज सव्वासहा मीटर पुढे जातो. म्हणजे या सुराची एक लाट सव्वासहा मीटर लांब.

आणि आपली सरावाची खोली? दहा बाय दहा. दहा फूट म्हणजे तीन मीटरपेक्षा किंचित जास्त. आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत येईपर्यंत सहा मीटर होतात, जवळजवळ एक अख्खी लाट! परतलेली लाट आणि नवी लाट एकमेकींना बरोब्बर गाठतात. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का दिला की तो चढत जातो ना, तसा हा सूर चढत जातो. खोली घुमायला लागते. इतर सूर मात्र मागे पडतात. वाजवणारा बिचारा सारख्याच जोराने वाजवत असतो!

खरं वाटत नाही? मित्राला ए तार वाजवत ठेवायला सांगा आणि तुम्ही खोलीभर फिरा. कोपऱ्यात कान नेलात की धाऽऽम! खोलीच्या मधोमध आलात की तोच सूर एकदम बारीक. भिंतींपाशी हवेचा दाब खूप वर-खाली होतो, मधोमध जवळजवळ होतच नाही, म्हणून. चौरस खोलीत तर भिंतींच्या दोन्ही जोड्या याच सुराला साथ देतात. दहा बाय बारा असेल तर बारा फुटांच्या बाजूला वेगळा सूर आवडतो, सेकंदाला 47 थरथरींच्या आसपासचा.

मग करायचं काय? काही जण भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवतात. सव्वासहा मीटरच्या लाटेला एवढासा ट्रे काय अडवणार! त्यापेक्षा जाड गाद्या गुंडाळून कोपऱ्यांत उभ्या करा, थोडाफार फरक पडतो. सगळ्यात मोठा फरक मात्र फुकटात पडतो: अँप कोपऱ्यातून बाहेर काढा आणि खुर्चीवर ठेवून त्याचं तोंड कानांकडे करा.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. तार 55च्या जोडीला 110, 165, 220 अशीही थरथरत असते. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून 55 जवळपास निघतच नाही, तरी आपल्याला तो खालचा सूर ऐकू येतो! वरच्या सुरांमधलं अंतर 55चंच आहे, हे मेंदू ओळखतो आणि गाळलेला सूर स्वतःच भरून काढतो. म्हणून छोट्या खोलीत अँपचा बेसचा नॉब बिनधास्त कमी करा आणि मिडचा थोडा वाढवा. घुमणं कमी होईल, प्रत्येक सूर सुटा ऐकू येईल, आणि ड्रमवाल्यालाही तुम्ही काय वाजवताय ते कळेल.