शोधा म्हणजे नेमकं काय करा?

पावसात महाडला लाइट गेली की पहिली शोधाशोध बॅटरीची. अशाच एका संध्याकाळी जर्मन शिकणाऱ्या भाचीनं अंधारात विचारलं, "मामा, 'सर्च'ला जर्मनमध्ये 'झूखन'. झालं ना?"

झालं कुठलं! किल्लीसाठी 'झूखन' चालेल, पण किल्लीपायी अख्खा खण उपसायचा तर 'दुर्खझूखन'. इंग्रजी 'सर्च' दोन्हीकडे चालतो. आपण मात्र खण धुंडाळतो आणि किल्ली शोधतो. गंमत पुढंच आहे. 'झूखन' याच क्रियापदाला 'बे' जोडला की भेट देणं, 'फेर' जोडला की प्रयत्न करणं, 'आउस' जोडला की निवडणं आणि 'उंटर' जोडला की डॉक्टर करतात ती तपासणी! शब्दकोशात शब्द बघायचा असेल तर मात्र 'झूखन' नाहीच, तिथं 'नाखश्लागन'. त्यातल्या 'श्लागन'चा अर्थ मारणं. आपण बिचारे शब्द नुसता 'बघतो'.

मुळाशी गेलं तर आणखी नवल. इंग्रजी 'सर्च'चं मूळ लॅटिनमध्ये, सर्कशीच्याच कुळात: गोल गोल फिरणं. 'झूखन'चं लॅटिन भावंड तिखट नाकाच्या कुत्र्याला लावायचं विशेषण, म्हणजे वासावरून माग काढणं. आणि आपलं 'शोधणं' संस्कृत 'शुध्'पासून, म्हणजे स्वच्छ करणं. सुपात तांदूळ निवडताना खडे बाजूला काढत जावं, तसं. जे नको ते काढत गेलं की हवं ते उरतं.

महाड तालुक्यातलीच शिवथरघळ घ्या. समर्थांची ही घळ 1930 साली धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी शोधून काढली. त्यांनी शोध घेतला आणि शोध लागला. मराठीत दोन्ही टोकांना शब्द एकच. जर्मनला दुसऱ्या टोकाला 'एंटडेकन' लागतं, म्हणजे झाकण काढणं. यंत्राचा शोध लावायचा तर तिसरंच, 'एरफिंडन'. मला आवडतो तो आपला 'लागला'. तहान लागते, ठेच लागते, तसा शोधही लागतो. माणूस नुसता निमित्त.

"सापडली!" भाची ओरडली. बॅटरी तिच्याच दप्तराखाली होती.

"आता हेच जर्मनमध्ये सांग."

ती थबकली. मराठीत बॅटरी आपली आपण सापडली होती. जर्मन वाक्यात आधी 'इश' हवं, म्हणजे 'मी'.